आयनो माझ्या झाकणावर नाचली

मी एक जुना डीप फ्रीझर आहे. मित्रांनो, बोरीच्या बसथांब्यासमोर 'परमेश्वर कोल्ड्रिंक्स'मध्ये शिरलात की डाव्या हाताला जो लांबोडका, पांढऱ्याचा पिवळा झालेला ठोकळा दिसतो, तो मी. पुष्कळ लोक मला बाकडं समजून बसतात. मी काही बोलत नाही. फक्त घुर्र करतो, आणि ते उठतात.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे माझ्या भिंतींत बोटभर नव्हे, चांगला वीतभर जाड फोमचा थर भरला, पाठीमागे कॉम्प्रेसर बसवला आणि एका साहेबांनी छातीवर 'ओके' लिहिलेला कागद चिकटवला. आयुष्यातलं ते माझं पहिलं प्रशस्तिपत्र, आणि बराच काळ शेवटचंही. मग टेम्पोत बसून मी परभणी जिल्ह्यात आलो. मे महिना होता. टेम्पोचं दार उघडलं, हवा अंगावर आली, आणि मला वाटलं, कागदपत्रांत घोळ झालाय. मला बहुतेक भट्टी म्हणून पाठवलंय.

पण मी कामाला लागलो. गावातल्या प्रत्येक लग्नाच्या मठ्ठ्यात माझा बर्फ पडला. क्रिकेट खेळताना कुणाचा गुडघा सुजला, की बर्फ माझाच. एकदा वरातीतल्या घोड्याला ऊन लागलं. त्याच्या डोक्यावर माझीच लादी ठेवली. घोडा शुद्धीवर आला, त्याने नवरदेवाकडे एकदा नीट पाहिलं आणि तो एकटाच निघून गेला. लोक अजून त्या घोड्याबद्दल बोलतात. लादी कुणाची होती, हे कुणी विचारत नाही.

पुढे दिवस फिरले. माझी मूठ तुटली, तिथे दुकानाच्या मालकाने, परमेश्वरने, पायजम्याची नाडी बांधली. एक पाय गंजला, त्याखाली वीट आली. हिवाळ्यात माझ्यात कांदे ठेवले. परमेश्वर गिऱ्हाइकांना सांगायला लागला, "ह्याचा आवाज लय यायलाय आता." मित्रांनो, आवाज परमेश्वरचाही येतो. त्याबद्दल मी कधी कुणाकडे तक्रार केलेली नाही.

अशा पडत्या काळात आयनो माझ्या आयुष्यात आली.

आयनो ही फिनलंडची. बर्फावर, पायात पात्याचे बूट घालून नाचण्याच्या खेळातली विश्वविजेती. परमेश्वरची मुलगी प्रियांका दुपारी दुकान सांभाळायची. तिला ती मोबाइलवर सापडली. प्रियांकाने मोबाइल माझ्या झाकणावर बरणीला टेकवून ठेवला आणि मैत्रिणीला, धम्मशीलाला, हाक मारली. धम्मशीलाबरोबर तिची आजी सरजाबाई आली. समोरच्या थांब्यावर किशनराव बसलेले असायचे. एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाल्यावरही त्यांना थांब्याशिवाय करमत नसे. तेही आले. चौघं माझ्याभोवती उभे राहिले, आणि मी पहिल्यांदा पाहिलं, की बर्फाचा मठ्ठ्याव्यतिरिक्त काही उपयोग असतो.

"एवढा बर्फ कुणाच्या लग्नाचा हाय गं?" सरजाबाईंनी विचारलं.

"आजी, लग्न न्हाई. खालची जमीनच बर्फाची केलीय."

"अन् पोरीच्या अंगावर एक सेटर न्हाई? तिची माय कुठंय?"

या खेळात प्रत्येक नाचाला 'प्रोग्राम' म्हणतात. आयनोचे तीन प्रोग्राम आमच्यात गाजले आणि त्या तिन्हींपायी दुकानाची शांतता गेली. पहिला, शालीचा. त्यात ती लाल शाल घेऊन नाचते, आणि शेवटी शाल बर्फावर अंथरून तिच्या शेजारी अशी बसते, की कुणीतरी तिथे झोपलंय असं वाटावं. हा प्रियांकाचा लाडका. दर वेळी ती रडायची आणि आसवं माझ्या झाकणावर पडायची. मला गंज चढतो. पण मी अडवलं नाही. दुसरा, बगळ्याचा. पांढरे कपडे, एका पायावर लांबच लांब घसरणं, मग हवेत चार गिरक्या. हा किशनरावांचा.

"अशी उतरली, अशी उतरली," ते म्हणायचे, "जशी भरली गाडी फलाटाला लावावी अन् मागच्या शिटावरल्या बाईचं लेकरूसुद्धा जागं होऊ नये!"

तिसरा धम्मशीलाचा, पडीचा. त्यात आयनो उडी मारताना आपटते. संगीत काही थांबत नाही. ती उठते, नाचत राहते, आणि राहून गेलेली उडी अगदी शेवटी, सगळे आशा सोडतील अशा वेळी मारते.

"पडली त्यात काय भारी?" प्रियांका म्हणायची. "पडायला तर आमचे पप्पाबी पडतेत."

"तुझे पप्पा उठल्यावर उडी मारतेत का?"

यावरून दोघी एकमेकींशी बोलेनाशा झाल्या. रोज माझ्या दोन टोकांना उभ्या राहून, माझ्याकडे बघत, एकमेकींना टोमणे मारायच्या. शेवटी ठरलं, की रविवारी तिन्ही प्रोग्राम ओळीने बघायचे, हात वर करायचे आणि काय तो निकाल लावायचा.

त्याच रविवारी माझाही निकाल लागणार होता. परमेश्वरने भंगारवाल्या भुजंगला फोन केला, तोही माझ्यावर कोपर ठेवून. "सोमवारी नवीन यायलाय, काचेच्या झाकणाचा. आतला माल लोकाला दिसतो बघ. तू रविवारी येऊन हा जुना उचल." मित्रांनो, त्या दिवशी माझ्यातला बर्फ जरा जास्तच कडक झाला. भीतीने माणसांना घाम फुटतो, आमचं उलट असतं.

आता एक चूक सांगतो. ती जगात फक्त आमच्याकडेच होऊ शकते. प्रियांकाने मोबाइलवर संदेश लिहिला, 'रविवारी दुपारी बोरीत आयनोचे तीन प्रोग्राम. स्थळ, परमेश्वर कोल्ड्रिंक्स.' किशनरावांनी तो एसटीतल्या ओळखीच्या सगळ्या गटांत धाडला, खाली स्वतःची ओळ घालून, 'बाहेरगावच्यांनी वेळेत निघावे, परतीची गाडी बघून ठेवावी.' आणि आमच्याकडे प्रोग्राम म्हणजे बारसंही असतं, ऑर्केस्ट्राही असतो, आमदाराचा सत्कारही असतो. प्रोग्राम म्हटलं की माणसं आधी निघतात आणि कशाचा, ते पोचल्यावर विचारतात.

रविवारी दुपारी रस्ता दिसेना. पिकअप आले, मोटारसायकली आल्या, एक ट्रॅक्टर ट्रॉलीत सतरंजी घालून आला. सोनपेठचे एक गृहस्थ, व्यंकटराव, कडक इस्त्रीत उतरले. "जेवण प्रोग्रामच्या आधी हाय का नंतर?" त्यांनी शांतपणे विचारलं. पेडगावच्या धुरपताबाई तर खण, नारळ आणि तांदूळ घेऊनच आल्या होत्या.

"बाई कुठं उतरल्या?"

"कोण बाई?" परमेश्वरचा चेहरा माझ्या रंगाचा झाला.

"आयनाबाई. लांबून आल्यात म्हणं. मोकळ्या हातानं कसं भेटावं? ओटी भरावी म्हणलं."

"काकू, ती फिनलंडला असती," प्रियांका रडवेली झाली. "आमी नुसतं मोबाइलवर बघणार हाव."

"मग इथं नाचणार कोण?" धुरपताबाईंनी सगळ्यांवरून नजर फिरवली. ती किशनरावांवर थांबली. किशनराव एक पाऊल मागे सरले.

व्यंकटरावांनी बाही सरळ केली. "हे बघा, आमी दोन गाड्या बदलून आलाव. प्रोग्राम झाल्याबगर हलणार न्हाई."

"न्हाई, न्हाई!" मागून सगळी गर्दी ओरडली. परमेश्वरने घराकडे धाव घेतली आणि भिंतीवरचा टीव्ही स्क्रूसकट उपटून आणला. मागच्या माणसालाही दिसेल अशी उंच, सपाट, भक्कम जागा दुकानात एकच होती. टीव्ही माझ्या झाकणावर बसला. प्रियांकाने मोबाइलची वायर जोडली.

आणि लाइट गेली.

इन्व्हर्टर होता. पण तो टीव्हीपुरता. मी बंद पडलो. बाहेर मे, आत सगळ्या उन्हाळ्याची कुल्फी, माझ्यावर फिनलंड. नेमका याच वेळी भुजंगचा तीनचाकी टेम्पो आला. गर्दीमुळे तो दुकानापर्यंत पोचेना, म्हणून भुजंग टपावर चढून बसला. मला न्यायला आलेला माणूस माझ्याकडे टक लावून बघत होता. मित्रांनो, बंद कॉम्प्रेसरने त्याच्याकडे बघणं सोपं नसतं.

प्रोग्राम सुरू झाला. शाल आली आणि सतरंजीवर टाचणी पडली तरी ऐकू येईल असं झालं. आयनोने शाल अंथरली, ती शेजारी बसली, आणि धुरपताबाईंनी पदर डोळ्याला लावला. "कुणीतरी गेलंय पोरीचं." व्यंकटरावांनी जेवणाची चौकशी थांबवली.

मग बगळा. आयनो एका पायावर लांबून येऊ लागली. तेवढ्यात परमेश्वरचा धीर सुटला. "जरा टीव्ही उचला ओ! आतली कुल्फी वितळायलीय, एवढी गिऱ्हाइकं हाईत, विकू तर द्या!" त्याने माझ्या नाडीला हात घातला आणि झाकण बोटभर उचललं. टीव्ही कलला.

"झाकण सोडा!" किशनराव गरजले. अख्ख्या नोकरीत त्यांनी असा आवाज काढला नसेल. "बाई हवेत हाय अन् तुमाला कुल्फी सुचायली?"

परमेश्वरने झाकण सोडलं. आयनो उतरली. लेकरू जागं झालं नाही. रस्त्यावर शिट्ट्यांचा पाऊस!

तिसऱ्यात ती पडली, तेव्हा "आगं माय!" असा एकच आवाज झाला. सरजाबाई उठून टीव्हीपर्यंत गेल्या. "उठ गं बाय, उठ. लागलं न्हाई फार." आयनो उठली. गर्दी तिच्याबरोबर श्वास घेत होती, सोडत होती. संगीत संपत आलं, धम्मशीलाने डोळे मिटले, आणि आयनोने उडी मारली. टपावर भुजंग उभा राहिला. ट्रॅक्टरवाल्याने हॉर्न दाबला आणि सोडायचा विसरला. आणि मी? माझ्या झाकणावर एवढं नाचणं चाललं होतं आणि मी पोटातला गारवा दातओठ खाऊन धरून होतो. मला दातही नाहीत, ओठही नाहीत. तरी धरला.

हात वर झाले. मोजणी किशनरावांची, म्हणजे पोरांचं हाफ तिकीट, हातही अर्धाच. बगळा मागे पडला, आणि ते मोजता मोजताच घुश्शात गेले. शाल आणि पड मात्र सारख्या. अगदी अर्ध्या हातासकट सारख्या. प्रियांका आणि धम्मशीला एकमेकींकडे बघू लागल्या.

"भुजंगचं राहिलंय!" कुणीतरी ओरडलं.

भुजंगने टपावर बसून विचार केला. "मी रोज पडलेल्याच वस्तू उचलतो," तो म्हणाला. "आजवर एकबी आपली आपण उठून बसली न्हाई. माझा हात पडीला."

धम्मशीलाने किंकाळी फोडली. प्रियांकाने तिला चिमटा काढला, मग मिठी मारली. "बरं बाई, तुझी जिंकली. पण शाल ती शाल."

"शाल लय भारी हाय गं. म्या कधी न्हाई म्हणलं?"

टीव्ही उतरला. परमेश्वरने देवाचं नाव घेऊन माझं झाकण उघडलं. कुल्फी कुल्फीवर आपटून बघितली, टक्क! सगळी दुपार लाइट नव्हती आणि माझ्यातला एक कणही वितळला नव्हता. जुन्या, जाड भिंती, मित्रांनो! गर्दीने सगळी कुल्फी फस्त केली. व्यंकटरावांनी ती जेवण म्हणून धरली. माझी छाती अशी भरून आली, की आता इथला माझा मुक्काम पक्का, असं मला वाटलं.

"मग, उचलू का?" भुजंगने दोर काढला.

"उचल," परमेश्वर कुल्फी चाटत म्हणाला. "शब्द दिलाय. नवीन उद्या यायलाय."

दोर माझ्या कमरेला बसला. तेवढ्यात सरजाबाईंनी विचारलं, "परमेश्वर, नव्याचं झाकण काचेचं हाय म्हणालास ना?"

"हाव, आजी. आतलं सगळं दिसतं."

"मग आयनोला कशावर ठिवणार?"

परमेश्वर कुल्फी चाटायचा थांबला.

"हिवाळ्यात तिची पुढची स्पर्धा हाय," धम्मशीला हळूच म्हणाली.

"आमी येणार हाव," व्यंकटराव म्हणाले.

"मी साडी आणणार हाय," धुरपताबाई म्हणाल्या, आणि खण, नारळ, तांदूळ त्यांनी माझ्या झाकणावर मांडले. आयनोची ओटी, माझ्या पत्त्यावर.

परमेश्वरने गर्दीकडे बघितलं, माझ्या सपाट पाठीकडे बघितलं. भुजंगने त्याची वाट न बघता दोर सोडला. "राहू द्या मालक. फक्त पुढच्या बारीला माझी जागा धरून ठिवा. टपावरून आवाज नीट येत न्हाई."

अशा रीतीने मी वाचलो. दुपारभर लाइटशिवाय बर्फ राखला म्हणून नव्हे, तर टेबल म्हणून. थोडा वेळ वाईट वाटलं. मग लाइट आली, कॉम्प्रेसर घुर्र झाला, आणि रिकाम्या पोटी मी नव्या बर्फाच्या कामाला लागलो.

तर मित्रांनो, घरातली जुनी वस्तू टाकण्याआधी तिच्याभोवती एकदा चालून बघा. तिचं झाकण, तिची पाठ, तिची उंची, काहीतरी तुम्हाला लागणारच आहे. तिला वेळेवर पुसा, गंज दिसला तर रंग लावा, विटेच्या जागी पाय बसवा. आणि एवढं एकच कळकळीने मागतो. माझ्यासारख्याचं झाकण उघडून 'काय बरं घ्यावं' असा विचार करत उभे राहू नका. विचार आधी करा, झाकण मग उघडा. गारवा आम्ही धरून ठेवतो. सोडता तुम्ही.