आईचा ब्रेक

"बाबा, तू पेडल दाबलंस का?"

"मी कशाला दाबू? माझे दोन्ही हात इकडे अडकलेत," मास्तर म्हणाले.

खरंच अडकले होते. छपरीत खोलून ठेवलेल्या जुन्या गाडीत, ड्रायव्हरच्या बाजूला उघड्या पत्र्यावर पालथे पडून ते एका हटवादी नटाशी झटत होते, आणि त्यांच्या नाकासमोर ब्रेकचं पेडल आपोआप खाली जाऊन वर आलं होतं. ब्रेकच्या नळ्या कालच काढून झाल्या होत्या, सगळ्या सांध्यांना तेल पाजलं होतं. पण तेल पाजलं म्हणून पेडल स्वतःहून थोडंच हलतं?

"आत्ता काय केलंस तू?"

"काही नाही. आजीच्या फळीवर गुडघा टेकला," पलीकडून लेक म्हणाली. तिनं पुन्हा टेकला. पेडल पुन्हा खाली गेलं.

मास्तरांच्या हातातला पाना गळून पडला.

आजीची फळी, म्हणजे मास्तरांच्या आईची. ड्रायव्हरशेजारच्या सीटपुढे पाय टेकायला बसवलेली तिरपी फळी, वर गालिच्याचा तुकडा. ती जागा आईची. तिथं दुसऱ्या कुणी बसायचं नाही, हा घरचा कायदा. अण्णा, म्हणजे मास्तरांचे वडील, शाळांना नकाशे आणि वह्या विकत गावोगाव फिरायचे, आणि आई प्रत्येक फेरीला बरोबर. नातेवाईक तोंडावर म्हणायचे, नवऱ्यावर एवढा पहारा बरा नव्हे. वळण आलं की आई टाच दाबून धरायची आणि मागच्या सीटवर पोरांचा एकच गलका व्हायचा, "लागला, आईचा ब्रेक लागला!" अण्णाही हसायचे. आई तेवढी हसायची नाही.

लेकीनं गालिचा ओरबाडून काढला. टाचेच्या जागी त्याचा नुसता सुतळीचा सांगाडा उरला होता. फळीला खालून बिजागरी होती, आणि तिथून एक लोखंडी दांडी आडवी जाऊन ब्रेकच्या पेडलाला जोडलेली होती. काम अण्णांच्याच हातचं, मास्तरांनी ते पाहताक्षणी ओळखलं.

मास्तर आत गेले, मागोमाग लेक. आई स्वयंपाकघरात ओट्याशी बसून शेंगा सोलत होती. गाडी खोलायला तिचा पहिल्यापासून विरोध. "भंगारात द्या," एवढंच महिनाभर चाललं होतं. नात हट्टालाच पेटली, तेव्हा कुठे ती गप्प बसली.

"आई, त्या फळीखाली ब्रेक आहे."

आईनं हातातली शेंग पुरती सोलली. दाणे वाटीत टाकले. "सापडला का?" ती म्हणाली.

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"मला नाही तर कुणाला? त्यांना डावीकडचं काही दिसायचं नाही रे. उजवीकडचंही कामापुरतंच. डॉक्टरांनी हात टेकले होते. गाडी सोडली असती तर नोकरी गेली असती, आणि तुम्ही तिघं शाळेत."

"अगं, आम्ही मागे बसून गाणी म्हणत होतो!" मास्तरांचा आवाज चिरकला. "कुठे आपटलो असतो तर?"

"आपटलो का? मी सारखी बडबडत नव्हते का? 'अहो, डावीकडचा सायकलवाला किती वाळलाय हो!' तुम्हाला वाटायचं, हिला तोंड आवरत नाही."

लेक फिसकन हसली. मास्तर हसले नाहीत. त्यांचं मन एव्हाना भलतीकडेच जाऊन पोचलं होतं.

याच लेकीच्या जन्माची सकाळ. बायको कळांनी तळमळत होती. मास्तरांना गाडी येत नव्हती; अण्णांनी कुणाला शिकवलीच नव्हती. अण्णा किल्ली मुठीत धरून दारात उभे, आणि म्हणाले, "गाडी निघणार नाही. दुसरी सोय बघ." दुधाच्या टेम्पोत, रिकाम्या कॅनांमध्ये ही पोर जन्मली. मायलेकी वाचल्या ते नशीब. "तुम्ही माणूस नाही, दगड आहात," असं मास्तर अण्णांना भर रस्त्यात म्हणाले होते. बायकोनं सासऱ्यांना केव्हाच माफ केलं. मास्तरांनी अण्णा जाईपर्यंत त्यांच्याशी कामापुरतंच बोलणं ठेवलं.

"त्या दिवशी तू मावशीकडे होतीस," मास्तर हळूच म्हणाले.

"हो."

"मग मला सांगितलं का नाही कुणी?"

"मी परत आले तेव्हा ते रडले माझ्यापाशी. म्हटलं, आता तरी सांगून टाका त्याला. तर म्हणाले, राहू दे. दगड म्हणतोय ते सोसेन, आंधळा म्हटलेलं सोसवायचं नाही. मला शपथ घातली. त्यानंतर गाडीला हात लावला नाही त्यांनी."

मास्तर ओट्याला पाठ टेकून खाली बसले. इतकी वर्षं त्यांनी तो राग जपून ठेवला होता, आणि आता तो कुठे ठेवावा हेच कळेना. अण्णांच्या मुठीतली किल्ली थरथरत होती का? काही केल्या आठवेना. त्यांनी पाहिलंच नव्हतं.

"बाबा, फळी काढू का ठेवू?" लेकीनं हलक्या आवाजात विचारलं.

"काढ," आई म्हणाली. "आता कोण बसणार आहे तिथं?"

मास्तर उठले. आईला हाताला धरून त्यांनी छपरीत आणलं. सीट निघालेल्या होत्या, म्हणून स्वयंपाकघरातलं स्टूल आत ठेवून तिला तिच्या जागी बसवलं. स्वतः शेजारी उलट्या खोक्यावर, स्टिअरिंगसमोर बसले.

"हे काय आता?" आई पुटपुटली. तरी तिनं पदर सावरला आणि पाय फळीवर टेकला.

"सांग," मास्तर म्हणाले, आणि डोळे मिटून त्यांनी पाय ब्रेकवर ठेवला.

आईनं समोर पाहिलं. मग म्हणाली, "समोर भिंत आहे हो."

मास्तरांच्या पायाखालचं पेडल अलगद खाली गेलं.