नोरीनचा अंगठा

नोरीन टॉलेफसनने भरलेलं काडतूस वाजलं नाही, असं बावीस वर्षांत एकदाही झालं नव्हतं. मोंटानातल्या त्या खोऱ्यात लोक एकमेकांच्या स्वयंपाकाला नावं ठेवत, गुरांना ठेवत, पाद्र्याच्या प्रवचनालाही ठेवत. नोरीनच्या काडतुसांत मात्र कुणाला खोट सापडली नव्हती.

हे काम तिला बाबांनी शिकवलं. मागच्या खोलीत बाकाला घट्ट आवळलेला लोखंडी प्रेस होता. वापरलेली पितळी पुंगळी त्यात घालायची, जुना प्रायमर, म्हणजे ठोक्याने पेटणारी बुडाची टोपी, ढकलून काढायचा, त्याच्या खोबणीतली काजळी खरवडायची आणि मसुरीच्या दाण्याएवढा नवा प्रायमर दाबून बसवायचा. दारू आणि गोळी ही पुढची गोष्ट. प्रायमर बुडाच्या पातळीच्या केसभर खाली गेलाच पाहिजे. वर राहिला, तर बंदुकीची सुई त्याला पेटवायच्या ऐवजी नुसती आत ढकलते, आणि टिक होऊन सगळं गप्प होतं.

"डोळा फसवतो, पोरी," बाबा म्हणत. "अंगठा फिरव."

नोरीनचा उजवा अंगठा प्रत्येक पुंगळीच्या बुडावरून फिरे, आणि पातळीतला केसभराचा फरक त्याला कळे.

थोरल्या भावाला, डेलला, बाबांची जमीन मिळाली, गुरं मिळाली, धीर तेवढा मिळाला नाही. नुसती टिक झाली तर नळी समोर धरून तीसपर्यंत मोजायचं, कारण दारू कधीकधी उशिरा पेटते, हा बाबांचा नियम होता. दुकानातली काडतुसं वापरताना डेल कधी तीनपर्यंतही पोचला नाही. रायफलच्या बोल्टचा दांडा वर उचलून सुई पुन्हा ताणायची, दांडा खाली पाडायचा, पुन्हा चाप ओढायचा. पहिल्या ठोक्याने प्रायमर खाली बसलेला असे, दुसऱ्याला तो पेटे. "बघ, वाजलं की नाही," असं वर बाबांनाच ऐकवायचा.

एप्रिलमध्ये नोरीनने त्याला सांगितलं की ती ओटिस प्रुइटशी लग्न करणार. ओटिस खोऱ्यातला नालबंद, चाळिशी उलटलेला, मोजकं बोलणारा.  ती पिकअपमधून उतरत होती, उजवा हात दाराच्या चौकटीवर होता. डेलने त्या हाताकडे पाहिलं आणि मग सगळं अंग घालून दार लोटलं. डॉक्टरला त्याने अपघात सांगितला, आणि तीही मान हलवून मोकळी झाली. असले अपघात त्या खोऱ्यात बायकांच्याच वाट्याला का येतात, हे एकाही डॉक्टरने कधी विचारलं नाही.

हाड जुळलं, पण अंगठ्यातला जीव परतला नाही. सुई टोचली तरी कळत नसे. हे तिने ओटिसलाही सांगितलं नाही, कारण तिला लाज वाटत होती. सप्टेंबरात डेलने एल्कच्या, म्हणजे तिकडच्या थोराड सांबराच्या, शिकारीसाठी पन्नास काडतुसं भरायला लावली. तिने डावा अंगठा वापरून पाहिला, तो अगदीच अडाणी निघाला. शेवटी उजवाच सवयीने फिरवला. तो पन्नासही वेळा गप्प राहिला, आणि ती रोज देवाला विनवत राहिली की एकही उंच राहिलेला नसू दे.

ऑक्टोबरातल्या एका शनिवारी सकाळी ओटिस ट्रक घेऊन आला. तिच्या दोन पिशव्या आधीच भरलेल्या होत्या. ती मागे जाऊन प्रेसचे नट सोडू लागली. प्रेस नोरीनचा, असं बाबा दोघांच्या देखत सांगून गेले होते. वीस पौंडांचं ते धूड छातीशी धरून ती दारात आली, तर ओसरीवर डेल पाठमोरा उभा, हातात रायफल.

"नालबंदा, गाडी फिरव आणि नीघ," तो म्हणत होता.

"निघतोच आहे, डेल," ओटिस ट्रकपाशी उभा राहून म्हणाला. "ती आली की लगेच. तुझी कॉफीसुद्धा नको."

"ती येत नाही."

"तिला विचारलंस?"

"घोड्याच्या ढुंगणामागे जन्म काढलास, आता माझ्या घरात नाक खुपसतोस?"

"डेल," नोरीन म्हणाली, "खाली ठेव ती."

"तू प्रेस जागेवर ठेव. मग बघू."

त्याने मागे वळूनही पाहिलं नाही. नळी कठड्यावर टेकवली, गाल दस्त्याला लावला. ओटिसची छाती तीस पावलांवर होती, आणि तीनशे पावलांवरचा एल्क पाडणारा माणूस तीस पावलांवर चुकत नाही.  डेलने चाप ओढला.

टिक.

बावीस वर्षांतली पहिली. भीतीच्याही आधी तिला शरम वाटली, हे खरं आहे. मग कळलं की ओटिस अजून उभा आहे.

"उंच ठेवलास, गाढवे," डेल पुटपुटला आणि बोल्टचा दांडा वर उचलला.

आता ते काडतूस वाजणार, हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. त्याने दांडा खाली पाडला. तिने दोन पावलांत अंतर तोडलं आणि बाबांचा प्रेस डोक्यावर उचलून सगळ्या ताकदीनिशी त्याच्या उजव्या हातावर घातला. कोपराखालचं हाड मोडल्याचा आवाज तिला ऐकू आला. बार उडाला, गोळी पायरीत घुसली, लाकडाच्या ढलप्या तिच्या तोंडावर आल्या.

डेलने डाव्या हाताने तिचे केस धरले आणि तिचं तोंड कठड्यावर आपटलं. एक दात तुटला. ती पडली, तशी त्याने बरगडीत लाथ घातली, मग दुसरी. तिसरीसाठी पाय उचलला तेव्हा तिने पडल्यापडल्याच प्रेस दोन्ही हातांनी सरकवून त्याच्या टेकलेल्या पायाच्या गुडघ्यावर हाणला. तो जनावरासारखा ओरडून कोसळला. तोवर ओटिस धावत वर आला होता. त्याने रायफल अंगणात भिरकावली आणि डेलच्या छातीवर गुडघा रोवला.

डेलच्या बाहीतून हाडाचं टोक बाहेर आलं होतं, रक्त फळ्यांवरून वाहत होतं. तरी त्याला एकच गोष्ट डाचत होती.

"मुद्दाम केलंस," तो नोरीनला म्हणाला. "मुद्दाम उंच ठेवलास."

हे मात्र तिला लाथेपेक्षा जास्त लागलं. ती रक्त थुंकून उठून बसली.

"मुद्दाम केलं असतं, डेल, तर दुसऱ्यांदाही वाजलं नसतं."

मग तिने उजवा अंगठा त्याच्या डोळ्यांसमोर धरला. नख वाकडं, टोक पांढरंफटक.

"याला एप्रिलपासून काही कळत नाही. तुझ्या दाराने मारला याला. हा धड असता ना, तर ते काडतूस पहिल्याच चापाला वाजलं असतं."

डेल अंगठ्याकडे पाहत राहिला.  ओटिसने मान खाली घातली.

पुढे तिने आत जाऊन रुग्णवाहिकेसाठी फोन केला, शेरीफलाही केला, आणि या वेळी अपघात म्हणाली नाही. बाहेर येऊन तिने प्रेस उचलला. त्याच्या दांड्याला रक्त लागलं होतं. ते तिने फ्रॉकला पुसलं.

"जड आहे, आण इकडे," ओटिस म्हणाला.

"राहू दे," ती म्हणाली. प्रेस मांडीवर घेऊन ती ट्रकमध्ये बसली, आणि तेव्हा कुठे तिला रडू आलं.