न मागितलेली सवलत

दोन देशांमधील व्यापारकरारावर स्वाक्षऱ्या झाल्या, आणि त्या वाटाघाटींत आपल्या बाजूचे प्रमुखपद भूषविलेला धाकटा भाऊ थोरल्याच्या कात्र्यांच्या कारखान्यात आला. शेजारच्या देशातील कात्र्या आता आयातशुल्कावाचून बाजारात उतरणार होत्या. ज्याच्या कष्टांवर धाकट्याचे सारे शिक्षण झाले, तो थोरला या घडीलाही पात्यावर पाते बसवून कात्री कानाशी नेऊन तिची उघडमीट ऐकत होता.

"या भावजी!" वहिनी म्हणाली. "साऱ्या देशाचं भलं केलंत, घरच्यांनाच तेवढी कात्री लावलीत."

"अगं, त्याला आत तर येऊ दे! बस रे. समोरच्यांनी फार ताणून धरलं असणार. कारागीर म्हणतात, आपल्या कात्रीला ते घाबरले, म्हणूनच तिच्यावरचं शुल्क काढा म्हणत अडून बसले."

धाकट्याची मान खाली गेली. वाटाघाटींच्या सभागृहात समोरच्या पक्षाने कात्रीचे नाव एकदाही उच्चारले नव्हते. कोणत्या मालाला संरक्षण ठेवायचे, याची चर्चा चालली असता, 'भावाचा धंदा राखला' असे उद्या कोणी म्हणेल, या भयाने त्यानेच कात्री आपण होऊन त्या यादीतून सोडून दिली होती. समोरचा प्रमुख क्षणभर गोंधळला आणि मग हसून आभार मानता झाला. सहकाऱ्यांनी त्याची निःस्पृहता वाखाणली. आणि ती स्तुती त्याला गोड लागली होती.

आता नुसते 'हो' म्हटले, की सुटका होती.

"दादा, ही सवलत त्यांनी मागितलीच नव्हती."

कात्री थांबली. "मग?"

"मीच दिली. माझ्याकडे कुणी बोट दाखवू नये म्हणून."

वहिनी काही बोलायला गेली आणि पदर तोंडाशी धरून आत निघून गेली.

"दाखवलं असतं बोट," थोरला सावकाश म्हणाला, "तर तुझं काय गेलं असतं रे?"

त्या प्रश्नात क्रोध असता, तर धाकट्याला आधार वाटला असता. तो नव्हता.

तेवढ्यात पलीकडे धार लावणाऱ्या म्हाताऱ्या कारागिराने चाक थांबवले. "साहेब, आमच्यापायी खूप झुंजावं लागलं म्हणे?"

धाकट्याचे ओठ हलले. पण थोरल्याने त्याचा दंड धरला.

"यांना सांगू नकोस," तो पुटपुटला. "आपला माल कुणाला तरी सलत होता, एवढा मान तरी त्यांच्यापाशी राहू दे." आणि मग आवाज चढवून, "फार झुंजला हो!"

कारागीर एकेक करून उठले, काळवंडलेले हात जोडू लागले. धाकट्याला ते सारे नमस्कार मान वर करून स्वीकारावे लागले.