सणसरहून लायपझिगला न गेलेला मोबाईल

मित्रांनो, मला पाहिलंत तर तुम्ही मला भंगारात काढाल. माझ्या काचेला वरच्या कोपऱ्यात तडा गेला आहे. बॅटरी फुगल्यामुळे पाठीमागचं झाकण रबराने बांधून ठेवावं लागतं. मी इंदापूर तालुक्यातल्या सणसर गावी विजयमालाबाईंकडे राहतो. माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. आठवतं ते बारामतीतलं दुकान, आणि मला हातात घेऊन उलटसुलट बघणारी उत्कर्षा.

उत्कर्षा ही विजयमालाबाईंची एकुलती एक लेक. नर्सिंग शिकून ती जर्मनीतल्या लायपझिग शहरात नोकरीला गेली आणि तिथेच बरोबर काम करणाऱ्या केरळच्या मुलाशी तिने लग्न केलं. सुट्टीवर आली तेव्हा तिला दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण नोकरीमुळे ते जमणार नव्हतं. मग आईनेच तिकडे यायचं ठरलं. त्यासाठी मला घरात आणलं गेलं.

परत जाण्याआधी उत्कर्षाने माझ्यात एकेक अ‍ॅप भरलं. विमान वेळेवर आहे की नाही ते सांगणारं, तिथली हवा दाखवणारं, इंटरनेट नसतानाही उघडणारा नकाशा, आणि मराठीत बोललेलं जर्मनमध्ये ऐकवणारं भाषांतराचं अ‍ॅप. "आई, तिथं उतरल्यावर घाबरायचं नाही. काय अडलं तर याला विचारायचं," असं तिने मला आईच्या हातात देताना सांगितलं.

विजयमालाबाई मन लावून शिकल्या. म्हशींचं उरकलं की त्या ओट्यावर बसायच्या आणि नकाशावर बोट टेकवून लायपझिगच्या रस्त्याने चालायच्या. ट्रामचा थांबा, कोपऱ्यावरची बेकरी, मग डाव्या हाताला लेकीचं घर. तिथे बर्फ पडणार असं मी दाखवू लागलो तेव्हा त्यांनी लोकर आणून बाळासाठी टोपडं विणायला घेतलं. भाषांतराशी मात्र त्यांचं सूत जुळेना. "माझी लेक बाळंतीण हाय," असं त्या म्हणाल्या की ते अ‍ॅप 'हाय' हा इंग्रजी नमस्कार समजायचं आणि जर्मनमध्ये भलतंच काही बोलायचं. त्यांचे यजमान दत्तोबा पोट धरून हसायचे. शेवटी बाईंनी 'आहे' म्हणायची सवय लावून घेतली. शाळेतल्या मुलीसारख्या त्या एकेक वाक्य घोकायच्या. शेजारणी कौतुकाने मला बघून जायच्या. ते माझे सुखाचे दिवस होते.

मग बाईंचा व्हिसाचा अर्ज नामंजूर झाला. उत्तर इंग्रजीत आलं होतं, म्हणून माझ्या कॅमेऱ्याने टिपून मीच ते मराठीत वाचून दाखवलं. अर्जदार बाई आपल्या देशात परत येतील याची खात्री वाटत नाही, असं त्यात होतं. विजयमालाबाईंनी ते मला पुन्हा वाचायला लावलं.

"मी तिकडं कशाला ऱ्हाईन?" त्या दत्तोबांना म्हणाल्या. "माझं समदं तर हितंच हाय."

दत्तोबा वैरण टाकायला उठले. मला विमान सांगता येत होतं, वाट सांगता येत होती. ते उत्तर बदलणं मला येत नव्हतं.

नात झाली. आजीने तिला माझ्या काचेतच पाहिलं. स्वरूपा हे नावही तिनेच सुचवलं. टोपडं टपालाने गेलं. ते पोचलं तोवर बाळाच्या डोक्याला लहान झालं होतं.

पुन्हा अर्ज करायचा म्हणून कागद गोळा होत होते, तेवढ्यात दत्तोबांना एमआयडीसीतल्या कारखान्यात कामावरच पक्षाघाताचा झटका आला. उजवं अंग लुळं पडलं, वाचा गेली. त्यांना उठवायला-बसवायला बाईंशिवाय दुसरं कोणी नव्हतं. उत्कर्षा बाळाला तिकडेच ठेवून धावत आली आणि रजा संपली तशी गेली. जाताना म्हणाली, "आई, आता तुझं येणं राहू दे." विजयमालाबाईंनी मान डोलावली. त्यानंतर त्यांनी नकाशा कधी उघडला नाही. हळूहळू माझी बरीचशी अ‍ॅप बंदच पडली. त्या अ‍ॅपना माझ्यापेक्षा नवा फोन हवा होता.

तिकडे घरात इंग्रजी बोलतात आणि पाळणाघरात जर्मन. स्वरूपाच्या कानावर मराठी पडते ती क्वचित, तीही माझ्यातून. परवा संध्याकाळी कॉल लागला. उत्कर्षाने फोन लेकीच्या हातात दिला आणि ती कामाला जायची तयारी करायला आत गेली. पोर काचेकडे बघत राहिली. मग तिने आईला हाक मारून जर्मनमध्ये काहीतरी विचारलं. विजयमालाबाईंनी घाईघाईने भाषांतराचं अ‍ॅप दाबलं. पण कॉल आणि ते अ‍ॅप दोन्ही एकदम चालवायची ताकद आता माझ्यात नाही. मी अडकलो. पोरीचं चित्र जागच्या जागी थांबलं.

"व्हय बाळा, व्हय," त्या थांबलेल्या चित्राला आजी म्हणाली, आणि कॉल तुटला.

मित्रांनो, मला जर्मन कळतं. स्वरूपा विचारत होती, "आई, ही बाई कोण?"

विजयमालाबाईंनी पदराने माझी काच पुसली. खाटेजवळ जाऊन दत्तोबांची उशी सारखी केली. "पोरगी मला आजी म्हनली आज," त्या त्यांना म्हणाल्या. दत्तोबा तोंडाच्या एका बाजूने हसले.

मला जपा, असं सांगायला मी बोलत नाही. माझं आता फार उरलेलं नाही. पण तुमच्या घरातलं लेकरू दूर वाढत असेल, तर आजीची भाषा त्याच्या कानावर रोज पडू द्या. ते काम आमच्यावर सोपवू नका. आमच्याने ते होत नाही.