सगळ्या प्रश्नांना एकच उत्तर

माणूस मान ताठ करून उभा राहिला आणि संस्कृतीला सुरुवात झाली. आमच्या भावजींची मान उजवीकडे वळेना, आणि ताईच्या कटकटीला सुरुवात झाली.

भावजींनी तेहतीस वर्षं बस चालवली. दरवर्षीच्या तपासणीत कोणी चक्कर येते म्हणाला, की त्याची बस काढून घेत आणि त्याला टायरच्या गोदामात बसवत. त्यामुळे समस्त चालकवर्गाने कुठल्याही प्रश्नाला एकच उत्तर पाठ केलं होतं.

कायरोप्रॅक्टरच्या, म्हणजे हाताने मणके बसवून देणाऱ्याच्या, दवाखान्यात फॉर्म आला. चक्कर? नाही. रक्तदाब? नाही.

"अहो, रक्तदाब नसेल तर माणूस मेलेला असतो," मी म्हणालो.

"तू गप रे. फॉर्म असेच भरतात."

खाली बारीक अक्षरांत मान वळवण्यातले धोके छापले होते. काउंटरवरच्या बाईंनी त्यांवर तळहात टेकवून दुसऱ्या हाताने जागा दाखवली. भावजींनी सही ठोकली.

कायरोप्रॅक्टरने नुसता फॉर्म पाहिला असं म्हणणं अन्यायाचं होईल. त्याने फॉर्मही पाहिला नाही. रक्तदाबाचं यंत्र कपाटावर, खोक्यातच होतं. "सैल सोडा," तो म्हणाला, आणि मान धरून हिसका दिला. कट्ट!

"कानात शिट्टी वाजतेय," भावजी म्हणाले.

"वाजू द्या. शरीर जुळवून घेतंय. आता गुरुवारी या."

जिना उतरताना भावजी भिंतीला घासत चालले. फाटकाशी पोचेपर्यंत त्यांची डावी पापणी अर्धी मिटली होती. मी टॅक्सी थेट इस्पितळात नेली आणि वाटेतून दवाखान्याला फोन लावला. बाई शांतपणे म्हणाल्या, "फॉर्मवर सगळीकडे 'नाही' असं लिहिलंय. खाली सही आहे त्यांची."

इस्पितळातल्या डॉक्टरबाईंनी मानेचा स्कॅन काढून पाहिला. मानेतल्या रक्तवाहिनीला आतून चीर गेली होती.

"चक्कर आधीपासून यायची का? पोटातून कधी रक्त गेलंय? त्यावर औषध ठरतं. चुकीचं दिलं तर जिवावर बेतेल."

"नाही," भावजी जड जिभेने म्हणाले. "नाही."

ताई धापा टाकत पोचली होती. तिने त्यांचा हात धरला. "अहो, इथे कोणी तुमची बस काढून घेणार नाही. खोटं बोललात तर मला मात्र उद्यापासून एकटीने राहावं लागेल."

भावजींच्या उघड्या डोळ्यातून पाणी कानापर्यंत गेलं.

"सहा महिने येतेय चक्कर. गेल्या वर्षी काळं रक्त पडलं होतं. दोनदा. हिला सांगितलं नाही."

डॉक्टरबाईंनी कागदावरचं एक औषध खोडलं, दुसरं लिहिलं आणि नर्सला पिटाळलं. "वेळेवर बोललात," त्या म्हणाल्या. "पण चोवीस तास काही सांगता यायचं नाही."

ताई भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. भावजींनी मला बोटाने जवळ बोलावलं. निरवानिरवीचं काही असेल, म्हणून मी कान त्यांच्या तोंडाशी नेला.

"सगळं खरंच सांगायचं ना आता?"

"हो भावजी."

"मग ही उशी फार कडक आहे. बदलून देतात का विचार."