उपकेंद्रातला आहाराचा तक्ता

मित्रांनो, मी एक जुना तक्ता आहे. पोलादपूरच्या डोंगरातल्या एका लहानशा आरोग्य उपकेंद्रात माझे आयुष्य गेले. महाडच्या भिकाजी पेंटरने मला रंगवले, तेव्हा मानसी सिस्टर शेजारी बसून सांगत होत्या, "सफरचंद नको. इथे मिळतं तेच काढा." म्हणून माझ्या अंगावर नाचणीची भाकरी, कुळथाचे पिठले, लाल माठाची जुडी, अंडी, सुकट आणि गुळाची मोठी ढेप आली. खालच्या कोपऱ्यात ही माहिती तपासणाऱ्या डॉक्टरांचे नाव आणि तारीख आली.

वाडीतल्या बायका माझ्यावर बोट ठेवून विचारत, सिस्टर समजावत. एकदा प्रशिक्षणाहून परतल्यावर त्यांनी माझ्यावरच्या गुळाच्या ढेपेवर कागद चिकटवला आणि त्यावर गुळाचा लहानसा खडा काढला. "गुळाने एवढं रक्त वाढत नाही. आपलं चुकलं होतं," त्या म्हणाल्या. मला लाज वाटली. पण त्या दिवसापासून बायकांचा माझ्यावरचा विश्वास वाढलाच.

पुढे घरोघरी मोबाइल आले. मला कोणी विचारेना. भिंतीला रंग देताना मला कपाटामागे ठेवले, तो मी तिथेच राहिलो.

गेल्या वर्षी सहा महिन्यांची गरोदर सलोनी तपासणीला आली. पायऱ्या चढताना तिला भोवळ आली होती. रक्त तपासून सिस्टर गंभीर झाल्या.

"हिमोग्लोबिन आठवर आलंय! जेवतेस काय?"

उत्तर तिच्या सासूने, चंद्राबाईने दिले. "कुळीथ, नाचणी, पालेभाजी बंद हाय. उष्ण पडतं म्हणं. माज्या लेकानं, हर्षदनं मुंबयवरनं मोबाइलात धाडलंय. पावडरीचा डबा पन धाडलाय."

"ते लिहिलंय कोणी?"

चंद्राबाईने सलोनीकडे पाहिले. सलोनीने मोबाइल वरखाली केला. "नाव नाय हो. खाली डबा मागवायचा नंबर तेवढा हाय."

सिस्टर उठल्या. त्यांनी मला ओढून बाहेर काढले, पदराने पुसले. लोहाच्या गोळ्या चुकवायच्या नाहीत असे बजावून त्यांनी माझ्यावरचा एकेक पदार्थ दाखवला. चंद्राबाईने माझ्यावरच्या नाचणीच्या भाकरीवर बोट ठेवले. मग हळूच म्हणाली, "सगला माल आपल्या घरात हाय गो. मीच तुला खाऊ दिलं नाय."

सलोनी सुखरूप बाळंत झाली. मुलगी झाली. तिला घेऊन दोघी आल्या, तेव्हा चंद्राबाईने माझ्यासाठी नवा खिळा आणला होता. स्वतःच्या हाताने तिने मला भिंतीवर लावले.

मित्रांनो, मी या सगळ्यांचा ऋणी आहे. काय खावे असे कोणी सांगितले, तर सांगणारा कोण आणि त्याला ते कसे कळले, एवढे जरूर विचारा. मलाही विचारा. माझे रंग उडाले तर पुन्हा भरा, आणि माझे काही चुकले असेल, तर खुशाल माझ्यावर नवा कागद चिकटवा.