भाकरीची गुंडाळी

खिडकीतल्या साहेबांनी माझ्या तोंडाकडे एकदाच पाहिलं आणि अर्जावर लिहिलं, ‘सौंदर्यासाठी’. सरकारी दवाखान्यात दातांना फुकट तार बसवून घ्यायची तर हा शब्द नडतो. तो लिहिला की अर्ज बाद.

“मावशी, पोरीचे दात दुखतात का? नाही ना? मग नटायचं असलं तर खासगीत जा.”

आईनं माझा हात धरून मला बाजूला घेतलं. फुलंब्रीहून सकाळची एसटी धरून आलो होतो, पोटात कावळे ओरडत होते. बाहेर लिंबाखाली बसलो. डब्यात आज कालवण नव्हतं. आईनं भाकरीला ठेचा लावून गुंडाळी केली होती. मी ती बोटांनी तोडायला लागले.

“इशाखा, दातानं तोड की. हात कुठं धुतलेत?”

“तुटत नाय.”

“कवापासून?”

“पयल्यापासून.”

आमच्या घरी भाकरी कालवणात कुस्करूनच खातात. सोळा वर्षं मीही सगळ्यांसारखीच जेवले. माझे वरचे आणि खालचे पुढचे दात एकमेकांना टेकतच नाहीत, हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही. मला दातरी म्हणणारे ढीगभर, पण ताटाकडे बघणारं कुणी नव्हतं. आईचे डोळे भरले. मग तिला राग आला. तिचा राग मला फार आवडतो.

ती तशीच उठली आणि गुंडाळी घेऊन खिडकीशी गेली. “साहेब, ही गुंडाळी पुढच्या दातानं तोडून दावा.”

“माझं जेवण झालंय.”

“मग हिचं बघा.”

रांगेसमोर मी गुंडाळी तोंडात धरली आणि जीव खाऊन चावले. बाहेर काढली तर नुसते वळ उठलेले, गुंडाळी शाबूत. लाज वाटली. तरी मी ती वर धरली, सगळ्यांना दिसेल अशी.

रांगेत कवळीसाठी आलेल्या गोजरबाई होत्या. बोळकं पसरून म्हणाल्या, “माझ्याच्यानं बी तुटत नाय. मंग माझी कवळी बी नटायला व्हय रं?”

रांग हसली. गलका ऐकून आतून डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी माझं तोंड उघडून पाहिलं, अर्ज मागितला, तो शब्द खोडला आणि वर लिहिलं, ‘घास तोडता येत नाही’. खाली सही केली.

साहेबांचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा झाला. “म्हणजे सुंदर दिसायचं नाहीच म्हणा की!”

इतकी वर्षं बोलताना माझी ओढणी आपोआप तोंडावर जायची. आज गेली नाही.

“दिसायचंय,” मी म्हणाले. “ते बी लिहा.”